भोसरीची चढाईपटू, बाडहूव्हडॉर्पच्या मैदानावर

मंजूषा जगदाळेच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची आई शैला सांगते आणि सांगताना कपाळाला हात लावते. ही मुलगी रांगलीच नाही, एके दिवशी उभी राहिली आणि पळत सुटली, अशी घरातली गोष्ट आहे. ती खरी असण्याची शक्यता कमीच, पण मंजूषाला ओळखणारं कुणी तिला खोटी म्हणणार नाही. आज वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती नेदरलँड्समध्ये, स्किपोल विमानतळाला खेटून असलेल्या बाडहूव्हडॉर्प गावात राहते, विमानतळावरच्या मालगोदामात काम करते, आणि सकाळचा चहा स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून मागच्या दारात अशा फेऱ्या मारत पिते. नवरा अभिजित म्हणतो, "बस ना जरा." ती म्हणते, "बसलेच आहे," आणि पुढच्या फेरीला लागते.

हे वारं तिच्या अंगात आलं ते वडिलांकडून. दीनानाथ मोहिते भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, पण टर्नर नावाला. त्यांना घेतलं होतं ते कारखान्याच्या कबड्डी संघासाठी. सत्तरच्या दशकात कारखान्यांना आपापल्या संघांची मोठी हौस होती. जत्रेच्या सामन्यात एखादा गडी चमकला की साहेब त्याला मशिनवर चिकटवून घ्यायचे. सकाळी चार तास लेथ, दुपारी मैदान, पगार पूर्ण. दीनानाथ डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि त्यांच्या हातात घोटा सापडला की तो सुटत नसे. तिसाव्या वर्षी खांदा निखळला, दोनदा निखळला, आणि मग राहिलेली अठ्ठावीस वर्षं ते खरोखरचे टर्नर झाले. मशिन तेच होतं, पगार तोच होता, फक्त दुपार संपता संपत नसे.

मग त्यांनी मुलीला धरलं. कॉलनीच्या मागे मोकळी जागा होती, तिथे ते रविवारी फक्कीनं रेषा मारायचे आणि सात-आठ वर्षांच्या मंजूषाला मोठ्या पोरांमध्ये चढाईला सोडायचे. पोरं तिला पाडायची. गुडघे सोलायचे. शैलाबाई हळदीचा डबा घेऊन दारात उभ्या असायच्या आणि नवऱ्याला जे काही बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. दीनानाथांवर त्याचा परिणाम शून्य.

"जातं कुणीही," ते मुलीला सांगायचे. "गड्याला हात लावणंही कुणालाही जमतं. परत यायला जमतं का, ते बोल. मध्यरेषा गाठलीस तर गुण. नाही गाठलीस तर नुसतीच सहल."

हे तिच्या हाडांत इतकं मुरलं की समोरच्याला स्पर्श झाला रे झाला की तिचं शरीर आपोआप वळायचं. डोक्याला विचारत नसे. शाळा, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या ती धडाधड चढली. विसाव्या वर्षी एका बँकेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली आणि बँकेच्या संघात ती पहिली चढाईपटू झाली. तेविसाव्या वर्षी भारतीय संघाच्या सराव शिबिरात तिचं नाव आलं. चोवीस जणी होत्या, त्यातून बारा जायच्या होत्या. शेवटच्या आठवड्यात एक शिंपी आला आणि त्यानं काही मुलींची ब्लेझरसाठी मापं घेतली. मंजूषाचंही माप घेतलं. तिनं आनंदाच्या भरात घरी फोन केला. अण्णांनी, म्हणजे दीनानाथांनी, माप घेतलं म्हणजे झालंच असं धरून अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

चौथ्या दिवशी यादी लागली. त्यात तिचं नाव नव्हतं. चढाईला दोघी पुरे आहेत, तिसरी जागा पकडीला हवी, असं कुणीतरी सांगितलं. ती घरी आली तेव्हा अण्णा तिला एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर वर्षभर ते कारखान्यातून येताना गल्लीच्या तोंडानं न येता मागच्या नाल्याकडून, लांबच्या वाटेनं येत राहिले. मंजूषाला ते दिसत होतं. स्वतःचं नाव गेल्याचं दुःख तिनं वर्षभरात पचवलं, ती लांबची वाट मात्र तिला आजवर पचलेली नाही.

पुढचं पटापट झालं. अभिजित जगदाळे हा सॉफ्टवेअरमधला सज्जन माणूस स्थळ म्हणून आला, लग्न झालं, सलोनी झाली, आणि कंपनीनं अभिजितला आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइकमधल्या ऑफिसात पाठवलं. मंजूषानं बँकेतून आधी रजा घेतली, मग राजीनामा दिला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून ती बाडहूव्हडॉर्पला उतरली, तेव्हा एकोणतीस वर्षांची होती आणि सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा तिला करण्यासारखं काही नव्हतं.

हे गाव समुद्रसपाटीच्या चार मीटर खाली आहे. एकेकाळी इथे तळं होतं, ते उपसून जमीन काढली. सगळीकडे सपाट. चढ नाही, उतार नाही, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. मंजूषा सलोनीला बालवाडीत सोडायची आणि कालव्याच्या कडेनं चालत सुटायची. दहा किलोमीटर चालून आली तरी अंगातली आग तशीच. कुणी विचारलं तर "वॉक घेते" म्हणायची. खरं तर ती येरझाऱ्या घालत होती, फक्त खोली मोठी होती. डच शिकली, कारण वर्गाला जायला सायकल चालवावी लागायची. मग मालगोदामात काम मिळालं. केनियाहून आलेल्या फुलांच्या खोक्यांचे थर हातातल्या यंत्रानं तपासत ती शिफ्टमध्ये पंधरा हजार पावलं चालायची, आणि घरी आल्यावर पुन्हा फिरायला निघायची. अभिजितनं डॉक्टरांना विचारून बघू असं सुचवलं. ती म्हणाली, "काय सांगू त्यांना? पाय दुखत नाहीत, ही तक्रार आहे म्हणून?"

एका एप्रिलमध्ये, आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधून भाजी घेऊन येताना, गावाबाहेरच्या मैदानावर तिला दहा-बारा बायका दिसल्या. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या रंगीत पट्ट्या, आणि एकमेकींना हुलकावण्या देत त्या पट्ट्या ओढायच्या धांदलीत सगळ्या घामाघूम. मंजूषा सायकल थांबवून उभी राहिली. पिशवीतली पालेभाजी कोमेजेपर्यंत उभी राहिली.

तो होता फ्लॅग फुटबॉल. अमेरिकन फुटबॉल म्हणजे ते शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळणारे धिप्पाड गडी, त्या खेळाचा हा सौम्य भाऊ. चेंडू तोच, दोन्ही टोकांना निमुळता. फक्त इथे कुणाला पाडायचं नाही. जिच्या हातात चेंडू तिची पट्टी ओढली की ती तिथेच थांबली. आणि तिला थांबवता आलं नाही तर ती पळत प्रतिपक्षाची अंतिम रेषा ओलांडते आणि गुण घेते.

संघाची प्रशिक्षक एस्तर, पन्नाशीची, शाळेत खेळ शिकवणारी, कुंपणाशी आली आणि म्हणाली, "नुसतं बघायचंय की यायचंय?"

"हा खेळ मी कधी खेळले नाही," मंजूषा डचमध्ये म्हणाली. "पण तो पट्टा द्या एकदा."

पुढच्या वीस मिनिटांत तिच्यासमोर आठ जणी धावत आल्या, त्यातल्या सात जणींच्या पट्ट्या तिच्या मुठीत आल्या. आठवी घसरून पडली म्हणून वाचली. एस्तरनं विचारलं, तू आधी काय खेळत होतीस? मंजूषानं सांगितलं. एस्तरनं तो शब्द हातावर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी भेटली ती डोळे मोठे करून. "मी ते मोबाइलवर पाहिलं," ती म्हणाली. "तुम्ही लोक श्वास रोखून हे करता?" मंजूषाला कितीतरी वर्षांनी कुणीतरी आपल्याला ओळखल्यासारखं वाटलं आणि घरी जाताना सायकलवर तिला रडू आलं.

पण पहिल्याच घासाला खडा लागायचा होता. पहिला खरा सामना सप्टेंबरात झाला. मंजूषाला बचावात उभं केलं होतं. दुसऱ्या डावात समोरच्या मुलीनं फेकलेला चेंडू आखूड पडला, मंजूषा मध्येच झेपावली आणि चेंडू तिच्या हातात. आता करायचं होतं एवढंच की समोर सुटायचं. समोर मैदान मोकळं होतं, कुत्रंसुद्धा आडवं नव्हतं. आणि मंजूषा वळली. शिकार हाती लागली की घर गाठायचं, एवढंच त्या शरीराला ठाऊक. पाठ फिरवून ती स्वतःच्याच अंतिम रेषेकडे सुसाट सुटली. तिला अडवायला आलेल्या आपल्याच दोन मैत्रिणींना तिनं हुलकावणी दिली, तिसरीच्या हाताखालून वाकून निसटली, आणि अंग झोकून देऊन, हात लांबवून रेषेला टेकली. उठली ती पंचांकडे बघत, गुण मागत.

पंचांचा हात काही वर होईना. प्रतिपक्षाची एक उंच मुलगी चालत चालत आली, "सॉरी" म्हणाली आणि मंजूषाच्या कमरेची पट्टी अलगद ओढून घेऊन गेली. स्वतःच्याच रेषेवर पट्टी गेली म्हणून नियमाप्रमाणे दोन गुण त्यांना मिळाले. सामना एका गुणानं गेला.

मग जो हशा पिकला तो पलीकडच्या टेनिसच्या मैदानापर्यंत गेला. सलोनी तेव्हा पाच वर्षांची होती. गाडीत बसल्यावर तिनं आईला समजावलं, "ममा, यू रॅन द राँग वे." अभिजित समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून होता, पण त्याचे खांदे हलत होते. मंजूषाला मात्र हसू येईना. चूक बुद्धीची असती तर सुधारली असती. ही चूक पायांची होती.

तीन आठवडे ती सरावात पुन:पुन्हा तेच करत होती. चेंडू हातात आला की वळायची. एस्तर ओरडून दमली. शेवटी मंजूषानं एक युक्ती काढली, तीही कुणाला न सांगता. सामना सुरू व्हायच्या आधी ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चालत जायची आणि तिथल्या गवतात आपली पाण्याची बाटली ठेवून यायची, बाजू बदलल्या की बाटलीही हलवायची. तिकडे घर आहे, असं पायांना सांगायची. आपल्याला घरीच जायचंय, फक्त घर आता तिकडे आहे. पायांना हे पटलं. त्यानंतर ती एकदाही वळली नाही.

चार वर्षांत तिचं नाव झालं. छोट्या खेळात नाव लवकर होतं, हे खरं, पण झालं. मग एके दिवशी एस्तर तिला बाजूला घेऊन म्हणाली की राष्ट्रीय संघाच्या निवडकर्त्यांनी तिचे सामने पाहिले आहेत. बचावासाठी त्यांना तिच्यासारखीच हवी आहे. "वय काढलं नाही कुणी," एस्तर म्हणाली. "पासपोर्टचा विषय मात्र काढलाय. तो डच लागेल."

इथे घोडं अडलं. डच पासपोर्ट म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडणं. दोन्ही ठेवायची सोय ना इकडे ना तिकडे.

वास्तविक यात काय विशेष, असं कुणीही म्हणेल, आणि सगळ्यांनी म्हटलंच. अभिजितनं स्वतःचा अर्ज कधीच डोक्यात तयार ठेवला होता. "ओसीआय मिळतं की आपल्याला," तो म्हणाला. "आजन्म व्हिसा. प्रॅक्टिकली फरक काय पडतो? वोटिंग तसंही आपण कधी केलंय?" गणपतीत भेटलेली चैत्राली म्हणाली, "आम्ही तर मागच्याच वर्षी केलं. युरोपात एअरपोर्टची लाइन किती छोटी होते माहितीये?" रांगेत वीस मिनिटं वाचावीत म्हणून देश बदलणाऱ्यांना कुणी काही विचारत नव्हतं. ते व्यवहारी ठरत होते. मंजूषानं मात्र खेळायचं म्हणून सांगितलं की लोकांच्या भुवया वर जायच्या. या वयात? एका पट्ट्या ओढायच्या खेळासाठी? तिला संताप यायचा. तुम्ही तो कागद म्हणून बदलता, म्हणून तुम्हाला सोपं जातं, असं तिला ओरडून सांगावंसं वाटायचं. ती मूग गिळून पुरणपोळी वाढायला निघून जायची.

तिला एकदा, फक्त एकदा, देशाचं नाव पाठीवर घालून मैदानावर उतरायचं होतं. तेवीस वर्षांची असल्यापासून हवं होतं. पण ज्या माणसानं ते स्वप्न तिच्या अंगात घातलं, त्याला हा देश चालणार नव्हता. आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय तिनं आयुष्यात एक चढाई केली नव्हती.

दर रविवारी दुपारी भोसरीला व्हिडिओ कॉल व्हायचा. अण्णा विचारायचे, गोदामात काय म्हणतात, सलोनी मराठी बोलते का, तो पट्ट्यांचा खेळ चालू आहे का. मंजूषा सगळं सांगायची, ते सोडून. फोन ठेवला की घरात येरझाऱ्या सुरू. अर्ज उघडायची, अर्धा भरायची, बंद करायची. कपाट आवरायला काढायची आणि सगळे कपडे पलंगावर टाकून फिरायला निघून जायची. गोदामात तिनं एकाच थराचे आकडे तीनदा टिपले. अभिजित म्हणाला, "एकतर हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण हे चालणं थांबव, मला चक्कर येते." शेवटी एका मंगळवारी, दुपारच्या शिफ्टला जायच्या आधी, कोट घालून उभ्या उभ्या तिनं अर्ज पाठवून दिला. अण्णांना सांगितलं नाही. हीच तिची मोठी चूक झाली, आणि ती करताना तिला कळतही होतं.

दहा महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. त्या रविवारी तिनं अण्णांना सांगितलं. नीट शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे पडद्यासमोर बसल्यावर पळाले. "अण्णा, मी डच नागरिक होतेय. त्यांच्या संघात घेणार आहेत मला." एवढंच बोलली.

मागे शैलाबाईंच्या हातातलं भांडं थांबलं.

"कधी अर्ज केलास?"

"झाले दहा महिने."

"म्हणजे चाळीस-एक रविवार मी तुझं तोंड बघत होतो, आणि तू सांगितलं नाहीस."

"सांगणार होते."

"देश म्हणजे काय शाळा आहे?" ते शांतपणेच म्हणाले. "इथे ॲडमिशन मिळाली नाही म्हणून तिथे नाव घातलं? मी तुला परत यायला शिकवलं होतं. तू नुसतं जायला शिकलीस." मग त्यांनी चष्मा काढला. "ठेव आता. मला फोन नको करूस."

त्यांनी ते शब्दशः पाळलं. रविवारी फोनवर एकटी आई यायची. मागे खुर्चीचा एक हात दिसायचा, त्यावर कधी वर्तमानपत्राचं टोक. मंजूषा मुद्दाम मोठ्यानं बोलायची. वर्तमानपत्र हलायचं नाही.

हूफडॉर्पला खेमेंटेत, म्हणजे पालिकेत, नागरिकत्वाचा समारंभ झाला. तीसेक माणसं होती, केक होता, महापौरांच्या गळ्यात साखळी होती. एकेकानं उभं राहून इथले कायदे पाळीन असं वचन द्यायचं होतं. मंजूषानं दिलं. आवाज चढाईपटूचा, त्यामुळे खणखणीत निघाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन आठवड्यांनी तिनं भारतीय पासपोर्ट जमा केला. तो रद्दचा शिक्का मारून, कोपरा कापून परत आला. तिला वाटलं होतं, एक काम उरकेल. तसं झालं नाही. तो घेऊन घरी परतताना ट्रेनमध्ये कापलेला कोपरा बोटानं चाचपत ती बसली आणि तिला फार वाईट वाटलं, कुणीतरी गेल्यावर वाटतं तितकं. आपण जे केलं ते चूक नाही, हे तिला माहीत होतं. त्यानं वाईट वाटायचं थोडंच थांबतं.

वसंतात निवड झाली. बारा नावं वाचली, त्यात तिचं आठवं होतं. मैत्रिणींनी तिला उचललं. तिनं त्याच संध्याकाळी आईला निरोप धाडला: जूनमध्ये डेन्मार्कला आठ देशांची स्पर्धा आहे, इंटरनेटवर दिसेल, ही लिंक. आईचं उत्तर आलं, बघते. अण्णांचं काहीच नाही. मे महिनाभर मंजूषानं अभिजितचं, सलोनीचं आणि एस्तरचं डोकं खाल्लं. सराव सहाला असेल तर पाचला हजर. जेवताना उठायची, मोबाइल बघायची, बसायची, पुन्हा उठायची. सलोनी आता अकरा वर्षांची होती. तिनं एकदा डचमध्ये विचारलं, आजोबा रागावलेत म्हणून तू नीट खेळणार नाहीस का? मंजूषा मराठीत म्हणाली, "नीटच खेळेन. पण आनंद होणार नाही." सलोनीला आनंद हा शब्द कळत होता.

डेन्मार्कमधल्या त्या गावात सामना सकाळी दहाला होता. म्हणजे भोसरीत दुपारचा दीड, अण्णांची जेवून आडवं व्हायची वेळ. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. नारिंगी शर्टावर, पाठीवर, देशाचं नाव. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो हा क्षण, आणि मंजूषाचे पाय पहिल्यांदाच थंड पडले होते. राष्ट्रगीत सुरू झालं. शब्द तिला पाठ होते, समारंभासाठी केलेच होते. दुसऱ्या ओळीला ती गायची थांबली. ती सरळ उभी राहिली, समोर कॅमेरा फिरवत चाललेल्या मुलाकडे बघत. आपल्याला आता कुणी बघत नाहीये, असं तिनं धरून चाललं होतं. खेळायचं ते बाराच जणींसाठी खेळायचं.

आणि ती खेळली. पाच पट्ट्या ओढल्या, एक चेंडू हातातून निसटला, एकदा कोपर लागून ओठ फुटला. सहा गुणांनी जिंकले. एस्तर प्रेक्षकांत होती, तिचा घसा बसला. पंचांनी हात मिळवल्यावर मंजूषा बर्फाची पिशवी ओठाला लावून कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात आली आणि तिनं भोसरीला फोन लावला. साधा, आवाजाचा. चेहरा दाखवायची तिला हिंमत झाली नाही.

"पाहिलं गं," शैलाबाई म्हणाल्या. "मला काही कळलं नाही कोण कुणाचं काय ओढतंय, पण पाहिलं. ओठाला काय झालं?"

"काही नाही. आई, तू एकटीच होतीस?"

शैलाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे आडवे झाले होते भिंतीकडे तोंड करून. मी फोन कपाटाला टेकवून लावला होता. ते तुमचं गाणं लागलं, तसे उठले. गुडघ्याला पट्टा नाही, काठी नाही, तसेच उभे राहिले पलंगाला धरून. मी म्हटलं, अहो, बसा की, ते काय आपलं राष्ट्रगीत आहे? तर म्हणाले, पोरगी उभी आहे ना."

मंजूषानं बोळातल्या भिंतीला कपाळ टेकवलं. बर्फाचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"हॅलो?" शैलाबाई म्हणाल्या. "आहेस ना?"

"आहे."

फोनमध्ये मागून कुणीतरी खाकरलं. मग तो आवाज आला, आठ महिन्यांनी, जरा लांबून, बायकोला उद्देशून.

"तिला विचार, उद्याची मॅच किती वाजता आहे."